नवशिक्षकाच्या पहिल्या तीन वर्षांचा प्रश्न



नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला सुरुवातीच्या काळात अनुभवी सहकाऱ्याची नियमित आणि विश्वासाची सोबत मिळावी, यासाठी केलेल्या व्यवस्थेला मार्गदर्शक-शिक्षक योजना म्हणतात. आणि महाराष्ट्रात जिथे तिची निकड सर्वाधिक आहे, तिथेच ती पोचत नाही, ही या परिषदेपुढची खरी चिंता आहे.

बी.एड.च्या दोन वर्षांत 20 आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायची उमेदवारी, असते. परंतु तिथे वर्ग दुसऱ्याचा असतो आणि पाठ कोलमडलाच तर तो सावरायला मूळ शिक्षक असतो. स्वतःचा वर्ग हाती आल्यावर मात्र नवशिक्षक बहुधा आपल्याला ज्या रीतीने शिकवले गेले त्याच रीतीकडे वळतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 साली याचे कारण सांगितले: विद्यार्थी म्हणून बाकावर बसून केलेले वर्षानुवर्षांचे निरीक्षण हीच शिक्षकाची पहिली उमेदवारी असते, आणि औपचारिक प्रशिक्षणाने तिचा ठसा सहजासहजी पुसला जात नाही.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत ही अडचण अधिकच तीव्र होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, म्हणजे चार इयत्तांची शाळा असेल तर प्रत्येकाकडे किमान दोन इयत्ता येतात. शिवाय त्या दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार असतो, त्यामुळे पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका यांत त्याचा दिवस सरतो. अशा वेळी पहिलीला मुळाक्षरे गिरवायला देऊन दुसरीची वजाबाकी घ्यावी, तर पहिलीची मुले पाच मिनिटांत पाटी दाखवायला टेबलाभोवती जमतात आणि हातच्याची वजाबाकी फळ्यावर अर्धीच राहते. टाचण वहीत दोन्ही पाठ पूर्ण झालेले दिसतात; बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवणे, नेमके कुठे फसले, हे मात्र वर्गात शेजारी बसणाऱ्यालाच कळते.

शेजारी बसायचे कोणी? साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, ही रचना मुळात शैक्षणिक मदतीसाठीच होती, आणि केंद्राची शिक्षण परिषदही त्याच हेतूने भरते. पण केंद्रप्रमुखाची भेट शेरेपुस्तकात संपते, आणि शेरा मारणाऱ्यापाशी कोणी मनातली अडचण बोलत नाही. नवशिक्षक आधी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काम करतो आणि ते समाधानकारक ठरल्यावरच नियमित होतो. ज्याच्या अहवालावर नोकरी अवलंबून आहे, त्याच्यापुढे ‘मला हा वर्ग आवरत नाही’ असे शिक्षणसेवकाने म्हणावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. शासनाने या तीन वर्षांचे मानधन ठरवले, अटी ठरवल्या. शिकण्याची तजवीज मात्र त्या तोलाने केली नाही.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मार्गदर्शनाच्या राष्ट्रीय अभियानाचा उल्लेख आहे, आणि 2022मध्ये त्याचा प्रारंभिक प्रयोग केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये यांसारख्या 30 शाळांत सुरू झाला. उपक्रम स्वागतार्हच आहे. परंतु त्या शाळांत एकेका विषयाचे शिक्षक असतात, आणि पाड्यावरच्या शाळेला तो नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

अशा शाळेसाठी जवळचा दाखला महाराष्ट्रातच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढे कोसबाडपर्यंतचे अनुताईंचे शिक्षण ताराबाईंच्या बरोबरीने काम करता करता झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच कुरणावर नेण्याची कल्पना अशा सहवासातूनच आकार घेते. दूर बसून तपासणी करणाऱ्याला ती सुचणे कठीण.

म्हणून या परिषदेची मागणी नेमकी असावी: मार्गदर्शक त्याच केंद्रातील, बहुवर्ग अध्यापनाचा अनुभव असलेला शिक्षक असावा, त्याने महिन्यातून किमान दोन पूर्ण दिवस नवशिक्षकाच्या वर्गात घालवावेत आणि ते दिवस त्याच्या कामाच्या वेळेतच मोजले जावेत, त्या दिवसांत त्याच्या स्वतःच्या वर्गासाठी बदली शिक्षकाची सोय व्हावी, कारण ती नसेल तर एका वर्गाची मदत दुसऱ्या वर्गाच्या नुकसानीतून होईल, आणि त्याने केलेल्या नोंदी केवळ त्या दोघांपुरत्या राहाव्यात, त्या गोपनीय अहवालात किंवा शेरेपुस्तकात कधीही उतरू नयेत, अशी लेखी हमी शासननिर्णयातच असावी.