जप्ती गोंदियात, नोंदणी दिल्लीत





गोंदिया जिल्ह्यातील केबलचालकांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षीय भाषणात व्यवसायाचा साकल्याने आढावा घ्यावा, असा संकेत आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचा झालेला प्रसार, २०१२ पासून चार टप्प्यांत झालेले डिजिटलीकरण, त्यातून घरोघर आलेला सेट-टॉप बॉक्स, २०१९ ची नवी दररचना आणि आता मोबाइलने पळवलेला ग्राहक, हे सारे विषय त्या आढाव्यात आले असते. परंतु ज्या कागदाशिवाय खांबावर तार टाकणेच बेकायदा ठरते, त्या कागदाचा प्रश्न अगोदर सुटला पाहिजे, असे प्रस्तुत वक्त्याचे दीर्घकाळचे मत असल्यामुळे उरलेला वेळ त्याच प्रश्नाला दिला जाणार आहे.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) अधिनियम, १९९५ च्या कलम ३ नुसार नोंदणी नसलेल्या कोणालाही केबलचे जाळे चालवता येत नाही. व्यवहारात ज्याला परवाना म्हणतात ती हीच नोंदणी. एमएसओकडून, म्हणजे अनेक वाहिन्यांचे संकेत एकत्र करून पुरवणाऱ्या मोठ्या संस्थेकडून, संकेत घेऊन ते घरापर्यंत नेणारा स्थानिक केबलचालक १९९४ च्या नियमांप्रमाणे आपल्या भागातील प्रधान डाकघरात अर्ज करी, ५०० रुपये शुल्क भरी आणि प्रधान डाकपालाच्या सहीने त्याला १२ महिन्यांचे प्रमाणपत्र मिळे. १७ जानेवारी २०२५ च्या दुरुस्तीने ही पद्धत संपली. नोंदणी आणि नूतनीकरण केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑनलाइन आपल्याकडे घेतले, मुदत ५ वर्षांची झाली, शुल्क ५,००० रुपये ठरले आणि प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरले जाऊ लागले.

वर्षावर्षाची फेरी वाचली आणि आधार व पॅनची पडताळणी होताच प्रमाणपत्र हाती येते, असे तरुण सभासदांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. तथापि पाच वर्षांत मिळून जिथे २,५०० रुपये लागत, तिथे आता दुप्पट रक्कम एकदम भरावी लागते. आणि ज्याचे ग्राहक धान विकल्यावर थकलेले पैसे देतात, त्याच्या दृष्टीने ‘एकदम’ हाच खरा भार आहे. देशभर चालणाऱ्या प्रमाणपत्राचा लाभ, ज्याची तार गावच्या शेवटच्या खांबापुढे जात नाही, त्याने कुठे घ्यावा?

या वादाचा निकाल तर्कापेक्षा अनुभवाने अधिक चांगला लागतो. पूर्वी सालेकसा भागातील एक तरुण, वडिलांच्या निधनानंतर, त्यांच्याच नावाचे प्रमाणपत्र नूतनीकरणासाठी घेऊन प्रस्तुत वक्त्याबरोबर डाकघरात गेला होता. खिडकीवरील कर्मचाऱ्याने कागद पाहताच नूतनीकरण होणार नाही, स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा लागेल, असे सांगितले, कोरा नमुना दिला, कुठे काय लिहायचे ते दाखवले आणि अर्ज त्याच दिवशी दाखल झाला. पडताळणी यंत्राने होऊ शकते. परंतु अर्जदाराचे काय चुकले हे ओळखून त्याला मार्गाला लावणे हे समोर बसलेल्या माणसाचेच काम आहे, आणि ऑनलाइनचे गोडवे गाणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

याहून गंभीर विसंगती कायद्यातच आहे. कलम ११ नुसार नोंदणीच्या तरतुदीचा भंग होत आहे असे मानण्यास कारण असल्यास प्राधिकृत अधिकारी केबलचालकाची यंत्रसामग्री जप्त करू शकतो, आणि जिल्हादंडाधिकारी व उपविभागीय दंडाधिकारी हे असे प्राधिकृत अधिकारी आहेत. म्हणजे मुदत संपल्याची शिक्षा गोंदियात किंवा देवरीत होऊ शकते. मुदत वाढवून देणारा कक्ष अधिकारी मात्र दिल्लीत, आणि त्याने नकार दिल्यास ३० दिवसांत ज्याच्याकडे अपील करायचे तो अवर सचिवही तिथेच. शिक्षेसाठी जवळ असलेले शासन परवानगीसाठी दूर जात असेल, तर त्याला सुलभीकरण म्हणता येत नाही.

ऑनलाइन मार्ग ज्यांना सोयीचा आहे, त्यांनी तो जरूर वापरावा. परंतु गोंदियाच्या प्रधान डाकघरात अर्ज स्वीकारणारी खिडकी पुन्हा सुरू व्हावी आणि नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना जप्ती होऊ नये, अशा दोन मागण्या या मेळाव्याने कराव्यात. त्यासाठी एक समिती नेमावी, तालुकावार यादी तयार करावी आणि लोकप्रतिनिधींना निवेदन द्यावे. तपशील कार्यकारिणीने ठरवावा.

मागणी मान्य होईपर्यंत नियम आहे तोच लागू राहील. म्हणून प्रत्येक सभासदाने घरी जाताच आपल्या प्रमाणपत्रावरील अंतिम तारीख पाहावी आणि तिच्या किमान ९० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा.