एकच पत, चार आंकडे



खारघर येथील माझ्या परिचयाच्या एका दांपत्यानें घर विकत घेण्याचें योजिलें व कर्जासाठीं वाशीच्या दोन बँकांत अर्ज केला. एका बँकेनें बाईंचा ‘क्रेडिट स्कोअर’ ७८१ सांगितला, दुसरीनें ७२४. बाई नोकरी करणाऱ्या. कोणाचा रुपया बुडविलेला नाहीं. एकाच आठवड्यांत आपली पत सत्तावन्न गुणांनीं कशी घसरली, हें त्यांना कांहीं केल्या उमजेना. पुष्कळ बँका गृहकर्जाचा दर या आंकड्याशीं बांधतात. पन्नास लाखांचें कर्ज वीस वर्षांत फेडावयाचें असतां साडेआठऐवजीं पावणेनऊ टक्के दर पडला, तर हप्ता सुमारें ८०० रुपयांनीं वाढतो व अखेरपर्यंत १ लाख ९० हजारांच्या आसपास रक्कम अधिक जाते.

आपल्याकडे या आंकड्यास सर्रास ‘सिबिल’ म्हणतात. कोणत्याहि छायाप्रतीला आपण झेरॉक्स म्हणतों, तसेंच हें. वस्तुतः सिबिल ही चार संस्थांपैकीं एक. ती २००० सालीं स्थापन झाली. २००५ च्या कायद्यानंतर एक्सपेरिअन, इक्विफॅक्स व हाय मार्क यांना २०१० सालीं रिझर्व्ह बँकेचे परवाने मिळाले; हाय मार्क पुढें ‘क्रिफ हाय मार्क’ झाली. चौघीहि ३०० ते ९०० या मर्यादेंतच गुण देतात, त्यामुळें मोजपट्टीहि एकच असावी असा आपला समज होतो. तसें नाहीं. हप्त्यांची नियमितता, कार्डावरील उचल, कर्जाचें वय यांस किती महत्त्व द्यावयाचें, हें प्रत्येक संस्था आपल्या गणितानें ठरविते. तें गणित ती कोणास दाखवीत नाहीं. एकच पत्रिका दोन जोशीबुवांना दाखविली तर काय होतें, हें आपणांस ठाऊक आहे. येथें निदान आधार हिशेबाचा असतो, एवढाच फरक.

गणितापेक्षां मोठा फरक वहीचा. एका वाण्याकडे तुमचें दहा वर्षांचें खातें आहे व दुसऱ्याकडे दोनच वर्षांचें. तर दोघे तुमच्याविषयीं एकच मत कसें देतील? २०१५ पूर्वीं बँकांना चारहि संस्थांचें सभासद होणें बंधनकारक नव्हतें. त्या वर्षीं रिझर्व्ह बँकेनें तें केलें. शिवाय माहिती सर्वत्र एकाच वेळीं नोंदली जात नाहीं. पूर्वीं ती महिन्यानें जाई. १ जानेवारी २०२५ पासून निदान पंधरवड्यानें पाठविण्याचा दंडक झाला. त्यांतच आणखी एक गोष्ट: बँक अर्जावरून ज्या संस्थेकडे चौकशी करिते, तिच्याच दप्तरांत ती चौकशी नोंदली जाते, आणि अशा चौकश्या फार झाल्या तर गुण उतरतात.

परंतु आपल्या मराठी घरांत खरा घोळ होतो तो नांवांचा. लग्नानंतर बाईंचें आडनांव बदलतें, मधलें नांवहि वडिलांचें जाऊन पतीचें येतें. कुलकर्णी हें आडनांव रोमन लिपींत तीन तऱ्हांनीं लिहिणारे एकाच घरांत सांपडतात. पत्त्याची कथा निराळीच. नवी मुंबईंत भाडेकरू कोपरखैरण्याहून नेरूळला, नेरूळहून उलव्याला जातो. दरवेळीं सेक्टर नवा, प्लॉट नवा. जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ता ताडून नोंदी जुळवावयाच्या असतात, आणि जेथें पॅन नाहीं तेथें एक संस्था दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या धरते, दुसरी धरीत नाहीं.

त्या बाईंच्या बाबतींत हेंच घडलें होतें. विवाहापूर्वीं त्यांनीं दुचाकीसाठीं घेतलेलें कर्ज वेळेवर फेडलें होतें. तें एका दप्तरांत त्यांच्या नांवें जमा होतें, दुसऱ्यांत माहेरच्या नांवानें वेगळें पडून होतें. सावकार कंपनीनें पॅन कळविलाच नव्हता. जुनें चांगलें खातें गेलें, म्हणून गुणहि गेले. वास्तविक प्रत्येक संस्थेनें वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून आहे. पण चारहि अहवाल मागवून वाचणारीं घरें थोडीं. बाईंनीं ते मागविले, विवाहाच्या दाखल्यासह तक्रार केली. तक्रारीचें निवारण तीस दिवसांत न झाल्यास रोज शंभर रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून आहे. ती वेळ आली नाहीं. चोविसाव्या दिवशीं नोंद जुळली आणि ७२४ चे ७६३ झाले. पहिल्या संस्थेचे ७८१ आहेत तेथेंच आहेत. उरलेले अठरा गुण कोठें गेले, असें बाईंनीं मला विचारलें. तेवढा फरक दोन गणितांचा, असें मीं सांगितलें, आणि बँकेनें मात्र दोन्ही आंकड्यांवर एकच दर लाविला.