म्हाताऱ्यांसाठी मराठी

एखाद्या पंथाच्या ग्रंथांची भाषा कोण ठरवतो? बहुधा पंडित. महानुभाव पंथात मात्र ती म्हाताऱ्यांनी ठरवली, असे म्हणावयास आधार आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती. त्यांचे शिष्य केशिराजबास संस्कृतचे जाणकार. त्यांचा ओढा संस्कृत रचनेकडे. आचार्यांनी त्यांना आवरले. तसे केल्यास आपल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे. चक्रधरांचे 114 दृष्टांत केशिराजबासांनी संकलित केले ते मराठीतच.

या म्हाताऱ्या म्हणजे चक्रधरांच्या मागे गोदाकाठी हिंडलेल्या बाया. पुष्कळजणी विधवा, शास्त्राचे दार त्यांना बंदच होते. पण त्यांना नुसत्या भाविक समजणे अन्यायाचे ठरेल. त्या प्रश्न विचारीत, उत्तर पटेपर्यंत विचारीत. पुढे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी गोळा केल्या, त्यांत या बायकांच्याही होत्या. ज्यांना कळावे म्हणून मराठी धरली, त्यांच्याच स्मरणावर मराठीचा पहिला गद्यचरित्रग्रंथ काही अंशी उभा आहे.

त्यांच्यातली महदाइसा तर कवयित्रीच झाली. ती बालविधवा. ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा लटका सोहळा मांडला गेला, तेव्हा तिने धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नघरी बायकांनी वराला उद्देशून म्हणावयाची गाणी. विषय कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. जिला मंगलकार्यात पुढे होता येत नसे, तिने लग्नाचेच गाणे रचावे! आणि भक्तीसाठी तिने वेगळे छंदशास्त्र शोधले नाही. माजघरातली चाल तिला पुरली.

पुढे चौदाव्या शतकापासून पंथाने हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथांचे रक्षण झाले खरे. पण बाहेरच्या बायाबापड्यांना ते पारखे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे इतरांना ते वाचता येऊ लागले.

पंथ पंजाबातही पोचला. तेथे अनुयायांना ‘जयकृष्णी’ म्हणतात. घरची बोली पंजाबी, पण धर्मग्रंथांची भाषा मराठीच राहिली. म्हातारीला कळावी म्हणून निवडलेली भाषा तेथल्या म्हातारीला मात्र कोणीतरी उलगडून सांगावी लागली.