आयकराचा कागद आणि जिरायत शेतकरी
(जुन्नर-आंबेगाव बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आणे पठारावर बैठक असो, बेल्ह्याला असो की आंबेगावच्या पूर्वेला लोणी-धामणीकडे. बाजारभावाचे बोलून होते, पाण्याचे बोलून होते, बिबट्याचे बोलून होते. मग सभा उठता उठता कोणीतरी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतो, "साहेब, ते रिटर्नचं काय?" जणू काही चोरीचा माल घरात आहे! आम्ही शेतकी कॉलेजात माती शिकलो, बोंडअळी शिकलो, ज्वारीवरचा खडखड्या शिकलो. आयकराचा एक तासही तिथे नव्हता. पण प्रश्न इतके यायला लागले की कायदा उघडून बसावेच लागले. आज भावाचे भाषण नाही. आज फक्त हे प्रश्न. विदर्भ-मराठवाड्यातले कापूसवाले भाऊ हे अंकात वाचतील. त्यांचेही प्रश्न हेच आहेत, फक्त शेतातले पीक वेगळे.

पहिला प्रश्न: पॅन कार्ड काढले की कर लागतो का? नाही. पॅन हा नुसता नंबर आहे. सातबारा निघाला म्हणून शेतसारा वाढत नाही, तसेच हे. मात्र पॅन असेल तर ते आधारला जोडलेले असले पाहिजे. १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन कार्डे निष्क्रिय झाली. नंतर जोडायला १,००० रुपये शुल्क लागले. ऐंशी वर्षांपुढच्या माणसांना जोडणीतून सूट दिलेली होती. निष्क्रिय पॅनचे नुकसान काय ते पुढे बँकेच्या हिशेबात कळेल.

दुसरा प्रश्न: शेतीवर आयकर आहे का? नाही. १८६० साली इंग्रजांनी पहिला आयकर बसवला, तेव्हा शेतीचे उत्पन्नही त्यात होते. १८८६ च्या कायद्यात ते वगळले, कारण शेतसारा वेगळा वसूल होतच होता. स्वतंत्र भारताच्या घटनेत शेती उत्पन्नावरचा कर हा राज्यांचा विषय ठेवला, केंद्राला तो हक्कच नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात शेती उत्पन्न करमुक्त होते. त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यातही करमुक्तच आहे. शहरातला शहाणा माणूस म्हणतो, शेतकरी फुकटा, कर भरत नाही. त्याला सांगा, डिझेलवरचा कर कोण भरतो? फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी कोण भरतो? ट्रॅक्टरवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता, आता ५ आहे. व्यापारी भरलेला कर पुढच्या बिलात वळता करून घेतो. आमचा कांदा, आमचा कापूस तो वळता करून घेत नाही. असो, तो वाद वेगळ्या दिवशी.

मग खरी गोम कुठे आहे? 'शेती' कशाला म्हणायचे, तिथे आहे. तुम्ही म्हणाल, गोठा आमच्याच रानात आहे, चारा आमच्याच रानातला आहे, दूध म्हणजे शेतीच. कायदा म्हणतो, नाही. दूध हा धंदा. कोंबड्या हा धंदा. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली राजा बिनयकुमार साहस रॉय यांच्या खटल्यात कसोटी घालून दिली: जमिनीवर माणसाने नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळ मशागत केली असेल तरच ती शेती. आपोआप उगवलेल्या झाडाचे उत्पन्न शेतीचे नव्हे. ही कसोटी लावली तर आपल्या पश्चिम पट्ट्यातला आदिवासी भाऊ डोंगरातला हिरडा गोळा करून विकतो, ते कायद्याच्या भाषेत शेती उत्पन्न ठरत नाही! त्याची रक्कम करमर्यादेच्या आसपासही जात नाही, म्हणून त्याने घाबरायचे कारण नाही. पण कायद्याची नजर कशी चालते ते यावरून समजावे.

ज्वारी कापली, मळली, वारवली, पोत्यात भरून विकली, ही सगळी शेतीच. कांदा चाळीत ठेवून चार महिन्यांनी विकला, तरी शेतीच. कापूस वेचून, वाळवून विकला, शेती. जिनिंग घातली तर धंदा. रोपवाटिकेवरून पूर्वी वाद होत. २००८ साली कायद्यात स्पष्ट केले की रोपवाटिकेतली रोपे हे शेती उत्पन्नच. नारायणगावच्या टोमॅटो पट्ट्यात रोपे विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जमीन खंडाने दिली आणि घेणारा ती कसतो, तर खंडाचे पैसेही शेती उत्पन्न. पण उभ्या पिकाचा सौदा करून तोडून नेणारा व्यापारी, त्याचा नफा शेतीचा नाही. आणि हुरडा? हुरडा विकला तर शेती. हुरडा पार्टीचे तिकीट लावले, तंबू ठोकला, जेवण दिले, बैलगाडीत फिरवले, तर तिकिटाचे पैसे धंद्याचे. जुन्नर पर्यटन तालुका झाल्यापासून हा प्रश्न वाढत जाणार आहे.

दूधवाल्याने घाबरून जाऊ नये. छोट्या धंद्याला ठोकळ हिशेबाची सोय आहे. पैसे बँकेत जमा होत असतील तर उलाढालीच्या ६ टक्के, रोखीत असतील तर ८ टक्के नफा धरायचा. पेंडीच्या, औषधाच्या चिठ्ठ्या दाखवायची गरज नाही. वर्षाला सहा लाखांचे दूध संघाला घातले आणि पैसे बँकेत आले, तर उत्पन्न धरले जाईल ३६,००० रुपये. २०२५-२६ या आर्थिक वर्षाला नव्या पद्धतीत करमाफ मर्यादा ४ लाख आहे. शिवाय नेहमीचे उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलत मिळून कर शून्य होतो. जुन्या पद्धतीत मर्यादा अडीच लाख आहे, साठीच्या पुढे तीन लाख. तेव्हा एकट्या दुधावर आपल्यापैकी किती जणांना कर लागेल, हिशेब तुम्हीच करा.

आता बँक. आमच्या मते शेतकऱ्याचे खरे नुकसान इथे होते आणि गुपचूप होते. कर लागू नसताना तो कापला जातो आणि परत मागायला कोणी जात नाही. एक हिशेब मांडू. पुणे-नाशिक महामार्गात जमीन गेली, २० लाख आले, म्हाताऱ्याने बँकेत मुदत ठेवीत टाकले. ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज १ लाख ४० हजार. एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५० हजारांच्या वर व्याज गेले, आणि साठीच्या पुढे असेल तर १ लाखाच्या वर गेले, की बँक १० टक्के कापते. म्हणजे १४ हजार गेले. पॅन नसेल किंवा निष्क्रिय असेल तर २० टक्के, म्हणजे २८ हजार. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३,७४९ रुपये. म्हणजे १४ हजार ही जवळजवळ पावणेचार क्विंटल ज्वारी झाली. ठेव ठेवून तुम्ही सरकारला पावणेचार क्विंटल ज्वारी फुकट देता, आणि देणे तर शून्य होते!

यावर उपाय दोन. एक, आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच, एप्रिलमध्ये, बँकेत स्वयंघोषणेचा नमुना द्यायचा. साठीच्या आतल्यांचा १५-जी आणि साठीच्या पुढच्यांचा १५-एच, याच नावाने बँकवाले तो वर्षानुवर्षे ओळखतात. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून काउंटरवर नुसता नंबर न सांगता "कर कापू नका, अशी घोषणा द्यायची आहे" असे सांगा. प्रत्येक बँकेत वेगळा द्यायचा, दरवर्षी नव्याने द्यायचा. पण ज्याला खरोखर कर लागतो त्याने तो देऊ नये, कारण खोटी घोषणा गुन्हा आहे. दुसरा उपाय, कापले गेलेच तर रिटर्न भरायचे आणि पैसे परत मागायचे. पगार, पेन्शन, व्याज एवढेच असणाऱ्याची मुदत साधारण ३१ जुलै. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. करमाफ मर्यादेच्या आत उत्पन्न असेल तर उशिराचा दंडही नाही. बँकेने कापले नाही म्हणून ते व्याज करमुक्त, असा उलटा अर्थही काढू नका. पतसंस्थेचे व्याजसुद्धा उत्पन्नात मोजायचे असते.

इथे सगळ्यात नाजूक प्रश्न येतो. रिटर्न भरले तर पीएम किसान बंद होते का? या भीतीने कितीतरी घरे आपले हक्काचे पैसे सोडून देतात. योजनेच्या नियमात शब्द असा आहे की मागच्या करनिर्धारण वर्षात ज्याने आयकर भरला तो अपात्र. रिटर्न भरणे वेगळे, आयकर भरणे वेगळे. शून्य कराचे रिटर्न भरून कापलेले पैसे परत घेतले, तर तुम्ही आयकर भरणारे ठरत नाही. पण नियम कुटुंबाचा आहे. नवरा, बायको, अज्ञान मुले यांपैकी एकाने कर भरला की सगळे कुटुंब अपात्र. केंद्राचे ६ हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे ६ हजार, असे १२ हजार रुपये वर्षाला यावर अवलंबून आहेत. चुकून मिळालेले परत वसूलही होतात.

म्हणून एका गोष्टीबद्दल कडक शब्दांत सांगतो. ट्रॅक्टरचे, गाडीचे कर्ज हवे म्हणून एजंट सांगतो, "तीन वर्षांची रिटर्न काढून देतो, धंद्याचे उत्पन्न फुगवून दाखवू, थोडा कर भरू." नसलेला धंदा तुमच्या नावावर लागतो, तुम्ही करदाते होता, पीएम किसान जाते. २०१९ च्या राज्याच्या कर्जमुक्ती योजनेतही शेतीबाह्य उत्पन्नावर आयकर भरणारा वगळला होता. पुढे पुन्हा अशी योजना आली, तर तुमचा तो फुगवलेला कागद आधी बाहेर निघेल. याच्या उलट दुसरा एजंट खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देतो आणि निम्मा खिशात घालतो. नोटीस येते ती तुमच्या नावाने. एजंट तोवर दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

मुलगा चाकणला किंवा पुण्याला कंपनीत असेल आणि सातबारा त्याच्या नावावर असेल, तर १९७३ पासूनचा एक नियम लागू होतो. राज समितीने १९७२ साली सुचवला होता. शेतीवर कर नाही, पण शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर आणि बाकीचे करमाफ मर्यादेच्या वर असेल, तर दर ठरवताना दोन्ही एकत्र धरतात. मुलाचे करपात्र उत्पन्न १४ लाख आणि शेतीचे ३ लाख असे धरा. १७ लाखांवरचा कर १ लाख ४० हजार. त्यातून शेतीचे ३ लाख अधिक करमाफ ४ लाख अशा ७ लाखांवरचा कर १५ हजार वजा. उरले १ लाख २५ हजार. शेती नसती तर ९० हजार लागले असते. नाव करमुक्त, पण ३५ हजार वाढले. वर उपकर आहेच. म्हणून निव्वळ उत्पन्न लिहा. पट्टीवरचा ढोबळ आकडा लिहू नका, बियाणे, खत, मजुरी, हमाली, तोलाई वजा करा.

जमिनीच्या पैशाबद्दल थोडक्यात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या ९६ व्या कलमाने त्या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही. खासगी कंपनीने वाटाघाटीने खरेदी केली तर हे कलम लागू नाही. स्वतः विकलेली खेड्यातली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरतच नाहीत. पण लोकसंख्या १० हजारांच्या वर असलेल्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून २ किलोमीटर सरळ रेषेत आतली जमीन 'शहरी' ठरते. शहर लाखाच्या वरचे असेल तर ६ किलोमीटर, दहा लाखांच्या वर ८. जुन्नरच्या आसपासच्यांनी, आणि मंचरला आता नगरपंचायत आहे, तिथल्यांनीही सौद्याआधी अंतर मोजून घ्यावे. शहरी जमीन विकूनही दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट आहे, मात्र विकलेली जमीन आधीची दोन वर्षे तुम्ही किंवा आईवडिलांनी कसलेली हवी.

आडत्या म्हणतो, "आयकराचा नियम आहे, रोख देता येत नाही, पॅन आणा." ३ नोव्हेंबर २०१७ च्या २७ क्रमांकाच्या परिपत्रकात आयकर खात्यानेच सांगितले की शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल दोन लाखांच्या आत रोखीने विकला, तर व्यापाऱ्याच्या खर्चाला बाधा येत नाही आणि शेतकऱ्याला पॅन द्यायची गरज नाही. मात्र एका दिवसात एकाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका. दंड घेणाऱ्याला आहे आणि तो जेवढी रक्कम तेवढा आहे.

मदत कुठे मिळेल? आयकराच्या संकेतस्थळावर पॅनने आत गेले की २६-एएस आणि वार्षिक माहिती विवरण दिसते. कोणत्या बँकेने किती कापले ते त्यात लिहिलेले असते. रिटर्न भरण्याआधी सेवा केंद्रातल्या मुलाकडून ही दोन पाने छापून घ्या आणि पासबुकाशी ताडा. नमुना निवडताना शेती उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ आणि ४ चालत नाहीत. धंदा नसेल तर २, दूध-कोंबड्या असतील तर ३. शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर दाखवले की जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हे सगळे भरावे लागते. महालेखापालांनी २०१९ च्या अहवालात दाखवले की तपासलेल्या प्रकरणांत पाचांतल्या एकाहून अधिक ठिकाणी पुरेशी कागदपत्रे न पाहताच शेतीची सूट दिली होती. काळा पैसा जिरायतीत पेरणारे शहरी 'शेतकरी' कमी नाहीत, आणि त्यांच्यामुळे चौकशीची वेळ खऱ्या कास्तकारावर येते. तेव्हा सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, आडतीच्या पट्ट्या, खता-बियाण्याच्या पावत्या एका पिशवीत वर्षावार ठेवा. खात्याचा फुकट फोन १८०० १०३ ००२५ आहे. पासवर्ड आणि मोबाईलवर आलेला आकडा कोणालाही सांगू नका, सेवा केंद्रातल्या मुलालाही नाही. तो आकडा तुमच्या हाताने टाका.

ज्यांच्या ठेवीवर यंदा कर कापला गेला आहे त्यांनी पासबुक, पॅन आणि आधार घेऊन थांबावे. ती पाने आपण इथेच बसून पाहू.