घरचा ताळेबंद
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



बँकेचा ताळेबंद मी आयुष्यभर जुळवला, घरचा हिने. मनमाडला कित्येक दिवसांनी येणारं पाणी भरायचं, शाळेत शिकवायचं, रात्री पाककृती लिहायच्या.

जेमतेम चौथी शिकलेल्या कमलाबाई ओगल्यांनी स्वयंपाकाचे वर्ग घेतले, वाटी-चमच्याच्या मापात ‘रुचिरा’ लिहिलं. ते १९७० साली आलं. तीच मापं धरून हिने दूध-तुपाशिवायच्या पदार्थांची वही सुरू केली: मटकीची उसळ, पिठलं, शेंगदाण्याची आमटी.

“यात नवीन काय?” मी म्हणालो होतो. चुकलंच माझं. वही पंधरा वर्षं अर्धीच राहिली.

आता भाकरी मी थापतो. नकाशासारखी होते, पण तेवढ्यात हिचं एक पान लिहून होतं. पुरुष सभासदांनो, तुम्हीही थापून बघा.