पदक, कागद आणि भीड



संयोजकांनी पत्रिकेत माझ्या विषयाला 'शौर्याचा शोध' असं भारदस्त नाव दिलंय. मी मात्र आज न गाजवलेल्या शौर्याबद्दल बोलणार आहे.

१९ डिसेंबर १९५९. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात वॉल्टर विल्यम्स नावाचे म्हातारबाबा वारले. वय, त्यांच्याच हिशेबानं, ११७. अमेरिकेच्या यादवी युद्धातला शेवटचा जिवंत सैनिक अशी त्यांची ख्याती. आता ते युद्ध संपलं १८६५ साली. म्हणजे दक्षिणेच्या जनरल हूडच्या फौजेसाठी रसद गोळा करणारा गडी थेट स्पुटनिकच्या जमान्यापर्यंत पोचला होता! राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी देशभर दुखवटा जाहीर केला. ज्या सरकारविरुद्ध ती फौज लढली, त्याच सरकारचा दुखवटा. असो.

गंमत पुढेच आहे. मृत्यूच्या तीनेक महिने आधी लोवेल ब्रिडवेल या वार्ताहरानं छापलं होतं की, या माणसाच्या सैनिकी सेवेची नोंद कुठंच सापडत नाही. बातमी लोकांनी वाचली, घडी करून ठेवून दिली. पुढं १९९१ साली विल्यम मार्वेल या इतिहासकारानं जुन्या शिरगणतीचे कागद मांडले. १८६० च्या शिरगणतीत मिसिसिपीतल्या एका घरात हा वॉल्टर आहे. वय वर्षं पाच! युद्ध संपलं तेव्हा तो फार तर अकरा वर्षांचा असेल.

बघा, हे शोधायला काही शेरलॉक होम्स लागला नाही. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, झालं. मग इतकी वर्षं ते कुणी ठेवले का नाहीत? माझं उत्तर एका शब्दात आहे: भीड. छातीवर पदक लावलेल्या वृद्धाला 'आजोबा, जरा दाखला दाखवता का?' असं विचारायला आपली जीभ रेटत नाही. तोतयाची सगळी भिस्त आपल्या या भिडेवर असते.

पण विल्यम्सवर दात ओठ खाऊ नका. त्यांनी निवृत्तिवेतनाचा अर्ज केला तो १९३२ साली. महामंदीचं ऐन वर्ष, हाताला काम नाही, आणि यादवी युद्धातल्या म्हाताऱ्यांना राज्य पैसे देतंय. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. केंद्रानं १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन दिलं, राज्यानंही दिलं, आणि बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शिफारस करणारेच मिंधे असतील तर कागदही खोटं बोलतो, हा त्यातला धडा मार्वेलच्या कामी आला नसता, आपल्याला येतो.

आणि कागदच जळाला असेल तर? १२ जुलै १९७३ ला अमेरिकेत सेंट लुइसजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली. दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. त्यांच्या नकला नव्हत्या, सूचीही नव्हती. तेव्हापासून 'माझी फाइल त्या आगीत गेली' हे तोतयांचं आवडतं वाक्य. इथं मात्र आगच साक्षीदार होते. जळाल्या त्या भूदलातून १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्यांच्या फायली, शिवाय हवाई दलातून १९४७ ते १९६४ मध्ये सुटलेल्यांपैकी वर्णानुक्रमानं 'हबर्ड, जेम्स ई.' या नावानंतरच्या. तेव्हा 'मी भूदलात होतो, १९६८ ला व्हिएतनाममध्ये लढलो आणि माझी फाइल जळाली' म्हणणारा गडी त्या एका वाक्यातच सापडतो. तारखांना भीड नसते.

काही जण मात्र इतकं फुशारून बोलतात की शोधायलाच नको. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी २००७ साली भर बैठकीत आपल्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याचं सांगितलं. ते कधी सैन्यातच नव्हते. यापूर्वी ते व्यावसायिक हॉकीपटू होते, एका मेक्सिकन तारकेचे पतीही. हेही त्यांच्याच तोंडून. त्यांच्यावर खटला झाला, पण २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी पदकाबद्दल खोटं बोलणं गुन्हा ठरवणारा कायदाच रद्द केला: नुसतं खोटं बोलणं हा गुन्हा होऊ शकत नाही. पदक मिळालेल्यांची यादी सर्वांना पाहायला ठेवा, असंही न्यायमूर्ती केनेडींनी सुचवलं. मला तो उपाय पटतो. यशवंत घाडगे, नामदेव जाधव या आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या वीरांचे व्हिक्टोरिया क्रॉस लंडनच्या सरकारी राजपत्रात छापले गेले. ज्याला शंका येईल त्यानं राजपत्र उघडावं.

शेवटची गोष्ट सांगतो, ती मात्र मला अजून उलगडलेली नाही. जेरेमी बूर्डा, साधा खलाशी म्हणून भरती होऊन अमेरिकन नौदलाच्या प्रमुखपदी पोचलेला पहिला माणूस. व्हिएतनामच्या काळातल्या दोन पदकांच्या फितींवर ते 'व्ही' अक्षराची छोटी खूण लावत. ती प्रत्यक्ष लढाईची. ती लावायचा त्यांना हक्क आहे का, असा प्रश्न निघाल्यावर त्यांनी ती काढूनही टाकली होती. १६ मे १९९६ च्या दुपारी याच विषयावर एका साप्ताहिकाचे वार्ताहर भेटायला येणार होते. भेट झालीच नाही. बूर्डांनी त्याआधी स्वतःला संपवलं.

दोन वर्षांनी त्यांचे जुने वरिष्ठ ॲडमिरल झुमवाल्ट यांचं पत्र नोंदीत घेतलं गेलं: खूण योग्यच होती. त्यानंतर वर्षभरात नौदलाच्याच मंडळानं निकाल दिला: नव्हती.