ताळा जमला तरी उत्तर चुकतं

मंडळाच्या कार्यकारिणीनं मला बोलायला बोलावलं तेव्हा एक प्रश्नही विचारला होता: क्वांटम कॉम्प्युटर बनवणारे सगळे भौतिकशास्त्रज्ञ, मग तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअरचं काय काम? प्रश्न रास्त आहे. वर्तमानपत्रात फोटो येतो तो त्या सोनेरी शीतयंत्राचा. पण माझं ठाम मत आहे की या यंत्राचं भवितव्य शेजारच्या साध्या चिपवर चालणाऱ्या कोडवरही तेवढंच अवलंबून आहे.

मुळात क्यूबिट, म्हणजे क्वांटम माहितीचा सर्वांत लहान घटक, फार चुकतो. आजच्या चांगल्या यंत्रांतही काहीशे ते हजार क्रियांमागे एखादी बिघडते. ब्रिटिश सरकारनं 2035 सालासाठी ठेवलेलं उद्दिष्ट मात्र एक लाख कोटी क्रिया पार पाडणाऱ्या यंत्राचं आहे. निव्वळ चांगले क्यूबिट बनवून एवढी मजल मारता येणार नाही. बरं, माहितीच्या प्रती काढून ठेवाव्यात, तर क्यूबिटची प्रत निघत नाही, हे 1982मध्येच सिद्ध झालंय. आत डोकावून पाहावं, तर अवस्थाच मोडते. त्यामुळे इथे दुरुस्ती शक्यच नाही, असं अनेक जाणत्यांना वाटत होतं. 1995मध्ये अमेरिकेत पीटर शोर यांनी नऊ क्यूबिटांत एकाची माहिती सांभाळून दाखवली. पुढच्याच वर्षी इथे ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू स्टीन यांनी ते सात क्यूबिटांत जमवलं.

शाळेत आपण गुणाकाराला नवाचा ताळा लावायचो. आकडेमोड पुन्हा न करता चूक कळायची. इथेही तेच. कुठल्याच क्यूबिटला त्याची किंमत विचारायची नाही. चार शेजाऱ्यांच्या गटाला मिळून विचारायचं: तुमची बेरीज सम की विषम? ‘सरफेस कोड’मध्ये अशा ताळ्यांची जाळी असते आणि गूगलसारख्यांच्या चिपवर साधारण दर मायक्रोसेकंदाला ते सगळे ताळे पुन्हा घेतले जातात. ताळा बदलला की तिथे खूण उमटते. गंमत अशी, की ती खूण चुकांच्या साखळीचं फक्त टोक दाखवते. मधली साखळी कुठून गेली हे ओळखायचं काम डीकोडरचं, आणि मी डीकोडर लिहितो.

पाच बाय पाचची जाळी डोळ्यांसमोर आणा. एका ओळीतले दोन क्यूबिट उलटले तर डीकोडर ते बरोबर शोधतो. त्याच ओळीतले तीन उलटले, तर उरलेले दोन उलटले असावेत हा खुलासा जास्त सोपा ठरतो. डीकोडर ते दोन उलटवतो. आता अख्खी ओळ उलटली, सगळे ताळे चोख जमले, आणि साठवलेल्या शून्याचा एक झाला. कुठेही लाल दिवा लागत नाही.

आमच्या कोडमधला बगही असाच मुका असतो. प्रोग्रॅम बंद पडत नाही, उत्तरं देत राहतो, फक्त जरा जास्त वेळा चुकतो. म्हणून पाच बाय पाचला आम्ही एकही शक्यता सोडत नाही: 25 एकट्या चुका, 300 जोड्या. या 325 पैकी एक जरी निसटली तरी कोडमध्ये दोष आहे. बहुतेक वेळा तो जाळीच्या कडेला सापडतो, कारण तिथे साखळीला एकच टोक दिसतं. मोठ्या जाळीत सगळ्या शक्यता तपासणं अशक्य. तिथे कोट्यवधी वेळा सिम्युलेशन चालवून आलेखातल्या रेषांचा उतार पाहत बसायचं.

शिवाय वेळ. एका मायक्रोसेकंदात प्रकाशही जेमतेम 300 मीटर जातो, आणि तेवढ्यात ताळ्यांच्या एका फेरीचा निकाल लागायला हवा. डीकोडर मागे पडला तर ताळ्यांचा ढीग साचतो. पुढची क्रिया त्या निकालासाठी अडून राहते, ती अडलेली असताना आणखी ताळे येतात, आणि विलंब दर टप्प्याला पटीनं वाढत जातो. भौतिकशास्त्रज्ञ बार्बरा टेरहाल यांनी 2015मध्येच हा इशारा दिला होता.

इथे निवड करावी लागते. जॅक एडमंड्स यांच्या 1965च्या अल्गोरिदमवर आधारलेली पद्धत खुणांच्या उत्तम जोड्या लावते. दुसरी पद्धत खुणांभोवती गट वाढवत नेते. ती थोडी जास्त चुकते, पण झटपट चालते आणि चिपवर सहज उतरते. मी दुसरीच्या बाजूचा आहे. उशिरा आलेलं उत्तम उत्तर इथे उपयोगाचं नाही. केंब्रिजच्या रिव्हरलेन कंपनीनं असाच डीकोडर हजाराहून अधिक क्यूबिटांच्या कोडसाठी मायक्रोसेकंदाच्या आत चालवता येतो, असं 2025मध्ये ‘नेचर इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये मांडलं. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर 2024मध्ये, गूगलनं तीन बाय तीन, पाच बाय पाच आणि सात बाय सातच्या जाळ्या प्रत्यक्ष चिपवर तपासल्याचे निकाल प्रसिद्ध केले होते. प्रत्येक पायरीवर चुकांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. जाळी मोठी केली की चुका कमी होतात, ही जवळपास 30 वर्षं कागदावर असलेली गोष्ट अशी डोळ्यांनी दिसली.

पुण्याहून, ठाण्याहून मुलं विचारतात, भौतिकशास्त्रातली पीएच.डी. लागते का? माझ्या कामाला लागत नाही. ग्राफ थिअरी लागते, शून्य आणि एकचं बीजगणित लागतं, सी प्लस प्लस किंवा रस्टवर हात बसलेला लागतो, आणि मेमरी कुठे वाया जाते हे शोधायची चिकाटी लागते. क्रेग गिडनी यांचं ‘स्टिम’ आणि ऑस्कर हिगॉट यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये पीएच.डी. करताना लिहिलेलं ‘पायमॅचिंग’, ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि घरच्या लॅपटॉपवर चालतात. ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी चहानंतर थांबावं. पाच बाय पाचची ती जाळी आपण इथेच चालवून पाहू.